खिळा

मशीन घरी आलं तेव्हा
टेम्पोवाल्याने विचारलं होतं, काका, भंगार कुठं उतरवू?
रबाळ्याची कंपनी बुडाली, चार महिन्यांचा पगार अडकला,
त्यापोटी हे मिळालं :
पोपडे उडालेलं हिरवं ड्रिल मशीन.
आई म्हणाली, त्यापेक्षा पिठाची चक्की तरी आणायचीत.

ऐरोली, सेक्टर तीन, सिडकोचं बैठं घर.
मागच्या पडवीत ते चार बोल्टांवर बसलं.
शेजारी भिंतीत एक खिळा,
खिळ्यावर चकची चावी, लाल सुतळीत.

खिळा रिकामा दिसला
तर बटणाला हात लावायचा नाही.
दुसरा नियम सांगायच्या आधी
बाबा पहिला तीनदा म्हणून घ्यायचे.

आता वॉकर आलाय.
सगळ्यात ठेंगण्या भोकावर लावला तरी
त्यांना दोन बोटं उंच पडतो.
दोन बोटं त्यांनी स्वतःचीच लावून दाखवली,
त्यातलं एक पेरापाशी संपतं.
चार पाय, चार नवी भोकं. पाडणार मी.
ते उंबऱ्याशी प्लास्टिकच्या खुर्चीत.

ओढणी? काढली.
बांगड्या? काढल्या.
केस? अंबाडा, वर तुमची कानटोपी.
चष्मा? हा काय.
हातमोजे घालू?

थोडा वेळ पडवीत कुणीच बोललं नाही.
सुरक्षा सप्ताह होता, ते म्हणाले,
नवे कोरे मोजे वाटले, फोटो काढायचा होता.
बीट आधी एक दोरा ओढतं.
मग दोरा मोजा ओढतो.
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
हेच का ते मशीन, हे आईने कधी विचारलं नाही.
मीही पाइप उचलला.

गोल पाइप हातात धरायचा नाही.
एवढंसं तर भोक, असं सगळेच म्हणतात,
आणि पाइप फिरला की त्याचा पंखा होतो.
त्यांनीच खाचलेला लाकडी ठोकळा, इंग्रजी व्हीसारखा,
त्यात पाइप, वरून शिकंजा, शिकंज्याला बोल्ट.
मग पंचाची खूण,
नाहीतर बीट घसरतं,
तेलकट ताटातल्या सुपारीसारखं.
शिशीतलं जपून ठेवलेलं रॉकेल, एक थेंब.

दाबू नकोस, टेकव.
थोडं आत, थोडं वर, श्वास घेऊ दे त्याला.
पार व्हायच्या वेळी सगळ्यात हलका हात,
पकडतं ते तेव्हाच.

कीस पडत राहिला, ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा.
फुंकायचा नाही. पुसायचा नाही.
मशीन थांबल्यावर जुन्या रंगाच्या ब्रशने ढकलायचा.
गजाआडून कडूकाकू ओरडल्या, किती वेळ चालणार हे?
बाबांनी मला मान वळवू दिली नाही.
मशीन बंद झालं, पट्टा गपगार झाला,
मग म्हणाले, अजून दोन, वहिनी.

दुसऱ्या भोकाला बीट बोथटलं.
नवं लावलं, चक आवळलं,
पुन्हा पाइप, पुन्हा खूण, पुन्हा थेंब,
अंगठा हिरव्या बटणावर.

खिळा!

आवाज त्यांचा होता, पण मी तो ओळखला नाही.
कंपनीत अशाच आवाजात बोलत असतील,
शंभर मशिनींच्या वर चढून.
चावी चकातच होती. सुतळी लोंबत होती.

ते रागावले नाहीत. पाणी माग, म्हणाले.
मी पाणी प्यायले.
मग तिसरं. मग चौथं.

धार उतरली का, हे बोट फिरवून बघतात का?
कापूस आण.
आईच्या वातींच्या डब्यातला कापूस
मी प्रत्येक भोकावरून फिरवला.
चौथ्यावर एक तंतू अडकला.
कानस मारली. पुन्हा फिरवला.
पुन्हा कानस.

आता रात्री मधेच
ठक, ठक, चार रबरी पाय पडवीकडे जातात.
दिवा लागत नाही.
अंधारात ते भिंत चाचपतात,
सुतळी हलल्याचा आवाज येतो,
मग ठक, ठक, परत.